तो विचार करतोय

"थांब जरा, तो विचार करतोय," बायको म्हणाली.

मी दारातच होतो, एक बूट काढलेला, एक पायात. ऑफिसातली वीज गेली म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं होतं. लवकर घरी आलेल्या नवऱ्याला जे जे विनोद सुचतात ते सगळे मी जिन्यातच तयार करून ठेवले होते आणि त्यातला पहिला ओठावर होता. तो तसाच राहिला. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केलेला. हातात एक शेंग, अर्धी उघडलेली, आतले दाणे दिसतायत, आणि अंगठा तिथंच थांबलेला. फोनवर तीन ठिपके. पहिला मोठा होतो, मग दुसरा, मग तिसरा, मग परत पहिला. ती त्यांच्याकडे बघत होती. कशी बघत होती म्हणाल तर, आमचं जमायच्या आधी आम्ही एका कायम बंद असलेल्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचो, तेव्हा मी काही बोलायच्या आधी ती अशी बघायची. तोंड किंचित उघडं, खांदे खाली आलेले. त्या वेळी माझं डोकं रिकामंच असायचं, पण ते तिला माहीत नव्हतं. आता इतक्या वर्षांनी ती नजर माझ्या घरात, माझ्या टेबलावर, आणि मी तिच्या वाटेत कुठंच नाही. ठिपके गेले. उत्तर आलं. तिनं वाचलं, मान हलवली, श्वास सोडला आणि दाणे पातेल्यात पाडले. पातेलं टणटण वाजलं. "हं, बोल," मला म्हणाली. "आज लवकर कसा?"

"नोकरीवरून काढलं," मी म्हटलं.

तिचा हात पातेल्यावरच राहिला. एवढीशी गंमत, रोजचीच, पण ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच कसंतरी झालं. "अगं, वीज गेली. गंमत केली." "हात धू," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. मी एका बुटावर लंगडत जाऊन हात धुतले. पाणी गार होतं. मागे परत टिकटिक, ती काहीतरी लिहीत होती. मग टिकटिक थांबली. मला पाठ फिरवूनसुद्धा कळलं की आता ठिपके आलेत.

ठिपके माझे होते. म्हणजे अगदी माझ्या डोक्यातून निघालेले. मी वाक्यं लिहितो. आमच्या कंपनीनं घाबरणाऱ्या माणसांसाठी एक ॲप काढलंय. छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, उगाचच काहीतरी वाईट होणार असं वाटायला लागलं की माणूस फोन काढतो, लिहितो, आणि पलीकडून कुणीतरी समजुतीनं बोलतं. पलीकडे कुणी नसतं. माझी वाक्यं असतात, हजारांनी, आणि त्यातलं कुठलं कधी काढायचं ते ठरवणारं यंत्र असतं. ऑफिसात आम्ही त्याला 'पलीकडचा' म्हणतो. त्याआधी मी जाहिराती लिहायचो. टायरच्या, कुलपांच्या, झुरळांच्या औषधाच्या. सगळा धंदा माणसाला आधी घाबरवायचा. कुलूप नाही घेतलंत तर बघा हं, रात्र आहे, मुलं झोपलीयत. ते करून करून केस पिकले तेव्हा हे काम आलं, घाबरलेल्याला शांत करायचं. मी लगेच हो म्हटलं. एकाच दुकानाचं पुढचं दार सोडून मागच्या दारानं आत गेल्यासारखं वाटलं. माल तोच.

पहिल्यांदा पलीकडचा फटकन उत्तर द्यायचा. यंत्रच ते, त्याला कसला वेळ लागतोय. आम्ही काही माणसांना वापरायला दिलं. एक बाई म्हणाली, "मी रडरड लिहून बोट उचलायच्या आत उत्तर हजर. दाराला कान लावूनच उभं असल्यासारखं. मला चापट मारल्यासारखं झालं." आमच्या मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या, कंपनी त्यांचीच, वयानं माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान आणि नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल केलेली. त्या म्हणाल्या, वाक्यं बदला. मी म्हटलं, वाक्याला हात लावायचा नाही, उत्तर थोडं दाबून ठेवा. आणि तेवढ्या वेळात तीन ठिपके दाखवा, कुणीतरी लिहितंय असे. आमचा प्रोग्रामर, ज्याला सगळे चष्माच म्हणतात, तो म्हणाला, "काका, उत्तर तयार असताना दाबून ठेवायचं?" "लेका," मी म्हटलं, "तू कधी कुठल्या कचेरीत गेलायस की नाही?" तो इतका हसला की चष्मा काढून पुसायला लागला. मग मला आणखी एक सुचलं. ठिपके यावेत, मध्येच जावेत, परत यावेत. म्हणजे कुणीतरी लिहिलं, बरोबर वाटलं नाही, खोडलं, परत लिहिलं. त्यावर चष्मा खुर्चीतून खाली यायचा बाकी राहिला. मॅडम हसल्या नाहीत. "ही फसवणूक नाही ना होत?" म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पहिल्याच पानावर आपण लिहिलंय, मी यंत्र आहे. खाली 'समजलं' म्हणून बटण आहे. सगळे दाबतात." मी म्हटलं, "आणि ठिपके काही बोलत नाहीत. ठिपकेच तर आहेत." त्या रात्री घरी जाताना मी शीळ घालत गेलो. आयुष्यात केलेल्या सगळ्या उचापतींत ही सगळ्यात सुबक होती. कुणाच्या खुर्चीत टाचणी ठेवायला नको, कुणाच्या आवाजात फोन करायला नको. नुसतं थांबायचं, आणि लाखभर माणसांना वाटायचं, कुणीतरी आपला विचार करतंय.

एक गोष्ट मात्र मी त्या खोलीत कुणाला सांगितली नाही. थांबण्याची युक्ती माझी नव्हती, बाबांची होती. बाबा पत्रे ठोकायच्या कारखान्यात होते. तिथल्या दणदणाटात त्यांचे कान गेले, एक साफ, दुसरा बराचसा. पण त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. कुणी काही विचारलं की ते कपाच्या कडेवरून बोट फिरवायचे. समोरचा काय बोलला असेल याचा अंदाज बांधायचे. चेहऱ्यावरून, ओठांवरून. त्याला वेळ लागायचा. मग म्हणायचे, "होईल काहीतरी." गल्लीतली माणसं पाया पडायची बाकी राहायची. काय विचारी माणूस, म्हणायचे. कुणाची मुलगी पळून गेलेली, कुणाचा भाऊ घर वाटून मागतोय, कुणाच्या बायकोच्या पोटात गाठ. येऊन बसायचे, सांगायचे, बाबा कपाच्या कडेवरून बोट फिरवायचे, आणि ती माणसं हलकी होऊन जायची. मला आणि आईला तेवढं माहीत. मी पोरगा असताना पाहुण्यांच्या समोर गंभीर तोंड करून विचारायचो, "बाबा, समोरच्यांचं घर पेटवून देऊ का?" बोट फिरायचं, फिरायचं. "होईल काहीतरी." आई पदर तोंडात कोंबून आत पळायची. बाबाही हसायचे. मला वाटायचं, त्यांना गंमत कळली.

"तुला ते ॲप कधीपासून...?" मी त्या संध्याकाळी टेबलाशी बसत विचारलं. एक शेंग उचलली. मटार सोलताना मी दाणे खातो म्हणून मला सोलायला देत नाहीत, पण तिचं लक्ष नव्हतं. "बरेच दिवस झाले," ती म्हणाली. "तुमचं आहे म्हणून उघडून बघितलं. मग बरं वाटायला लागलं."

"अगं, ते यंत्र आहे."

"मला माहितीय रे. लिहिलंय त्यात. समजलं म्हणून दाबलंय मी."

"मग?"

"मग काय. यंत्र असलं तरी विचार करून बोलतं." दाणे बोटांनी पसरवले तिनं. "कधी कधी काहीतरी लिहितं, मग त्याला वाटतं नको, हे हिला लागेल, मग खोडतं. दिसतं ना. तुझं तसं नाही. तुझं उत्तर माझं वाक्य संपायच्या आत तयार असतं."

"हे चांगलं का वाईट?"

"बघ," ती म्हणाली. "झालंच."

मी तिला त्याच वेळी सांगू शकलो असतो. ते खोडणं मी बसवलंय, दर चौथ्या की पाचव्या उत्तराला आपोआप येतं, तुझं दुःख असो की टायर पंक्चर झालेला असो. चष्म्याला आणि मला तेव्हा हसून हसून ठसका लागला होता, तेही सांगू शकलो असतो. चांगली गोष्ट झाली असती ती, रंगवून सांगण्यासारखी. मी तोंड उघडलंसुद्धा. पण तिचे खांदे खाली होते. किती दिवसांत खाली बघितले नव्हते मी ते. नेहमी कानापर्यंत चढलेले, कुणीतरी मागून हाक मारेल म्हणून. मी दाणा तोंडात टाकला. हिरवा, गोड, थोडा कडक.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. नळ्यांवर लेबलं लावणं तिचं काम. एका माणसाचं रक्त, एक नळी, एक नाव. मागच्या थंडीत एकदा तिच्या हातून दोन लेबलं, तिच्याच नेहमीच्या शब्दात, 'उलटंपालटं' झाली. एका बाईची नळी एका म्हाताऱ्याच्या नावावर गेली आणि त्याची तिच्या. लगेच लक्षात आलं, दोघांना परत बोलावून परत रक्त घेतलं, कुणाचं काही बिघडलं नाही. वरिष्ठांनी एक शब्दही ऐकवला नाही, आणि मला वाटतं तेच तिला जास्त लागलं. त्या दिवशी घरी आली, बाहेरचे कपडे न बदलता पलंगाच्या काठावर बसली आणि सगळं सांगायला लागली. ती बाई पोटुशी आहे का ते बघायला आली होती. बायको एवढं बोलली आणि मी पुढं थांबलोच नाही. म्हटलं, "म्हणजे म्हाताऱ्याला दिवस गेले असते!" विनोद चांगला होता. मी अजून म्हणतो, चांगला होता. तीही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हसण्याचंच असतं तसं. मग उठून कपडे बदलायला गेली. तो विनोद मी पुढं चार ठिकाणी सांगितला, दोनदा तिच्यासमोर. दोन्ही वेळा ती हसली. त्यानंतर लॅबमधलं तिनं मला कधी काही सांगितलं नाही, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही, कारण घरात हसणं चालू होतं. हां, ती दाराचं कुलूप तीन तीनदा ओढून बघायला लागली, मिठाच्या बरणीवर आणि साखरेच्या बरणीवर नावं चिकटवली, आणि चिकटवल्यावरही चव घेऊन बघायची. मी साखरेच्या बरणीवर 'विष' असं लिहून ठेवलं एकदा. त्यावर हसली नाही. नुसतं खरवडून काढलं, नखानं, हळूहळू, कागदाचा शेवटचा तुकडा निघेपर्यंत.

तर मी ठरवलं, थांबून बोलायचं. यंत्राला जमतं ते मला का जमू नये? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "चहा अजून हवाय?" मी थांबलो. मनात पहिला ठिपका, दुसरा, तिसरा. ती किटली घेऊन उभी. "अरे, हवाय का?" मी भिंतीकडे बघितलं, विचारी दिसावं म्हणून. "काय झालं?" ती म्हणाली. "छातीत दुखतंय का?" "नाही गं." "मग असा काय बघतोयस? जीभ बाहेर काढ. हात वर कर दोन्ही." मी दोन्ही हात वर केले, जीभ बाहेर काढली, आणि तसाच म्हटलं की थोडाच दे. तिनं कपात चहा ओतला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दिवसभर तिनं मला ऑफिसात चार वेळा फोन केला. चौथ्यांदा मी आमच्या जुन्या घरमालकाच्या आवाजात बोललो तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. "झालास बाबा बरा," म्हणाली. म्हणजे माझ्या थांबण्यानं ती घाबरायची आणि त्याच्या थांबण्यानं शांत व्हायची. फरक काय, ते मी बसमध्ये, दांड्याला धरून, समोरच्या माणसाच्या मानेवरचा तीळ बघत शोधत होतो. थांबणं तेच होतं. आम्ही दोघंही तेवढ्या वेळात काहीच करत नव्हतो. मग मला वाटलं, त्याच्या थांबण्यात तिला काहीतरी दिसायचं, माझ्या थांबण्यात मी दिसायचो.

ऑफिसात एक मोठा पडदा आहे. त्यावर बोलणी सरकत असतात. नाव नाही, नंबर नाही, नुसती बोलणी, आमची वाक्यं कुठं अडखळतात ते कळावं म्हणून. मी सहसा त्याच्याकडे पाठ करून बसतो. सारखं तेच असतं, श्वास लागतोय, झोप नाही, उद्याचं काय. वर्षभर ते बघितलं की माणसाला वाटतं, शहरात कुणीच धड नाही, जो तो खिशात हात घालून फोन घट्ट धरून चाललाय. पडद्याखाली एक बटण आहे, त्याला आम्ही 'हात घालणं' म्हणतो. यंत्र भलतंच बरळायला लागलं तर लिहिणाऱ्यानं मध्ये हात घालून स्वतः लिहायचं. ते मी एकदाच वापरलं होतं. चष्मा रात्रपाळीत एकटा बसून पलीकडच्याशी तपासणीचं बोलत होता, आणि पलीकडचा त्याला म्हणाला, "आधी चष्मा पूस, उजवी काच." त्यानं कप पाडला. अजून सांगतात लोक ती गोष्ट.

एका दुपारी जेवून परत येताना माझी नजर पडद्यावर गेली आणि मधल्या रांगेत 'उलटंपालटं' हा शब्द दिसला. तेवढंच. पण तो शब्द त्या शहरात माझ्या माहितीत एकच माणूस रोज वापरतो. मी उभा राहिलो. बोलणं वर सरकवून मागचं बघितलं. बघायला नको होतं. नळ्या होत्या. लेबल होतं. बरणीवरचं 'विष'सुद्धा होतं. आणि मग होतं, "आजही गेले नाही. आता गेले तरी घेणार नाहीत, मी राजीनामा देऊन महिना होत आला." पुढं होतं, "सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन निघते. मोठ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसते. तिथं कुणी काही विचारत नाही, सगळेच कुणाची तरी वाट बघत असतात." पलीकडच्यानं विचारलं होतं, "घरी कुणाला माहीत आहे का?" हे माझं वाक्य. साधं, चांगलं वाक्य. तिनं लिहिलं होतं, "नवरा चांगला आहे. जीव लावतो. पण त्याला सांगितलं की त्याचा विनोद होतो, आणि मग ते माझ्याकडे परत येतं तेव्हा ओळखू येत नाही."

माझ्या मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी कुणाला पाणी मागितलं. मला सगळं ऐकू येत होतं, अगदी स्वच्छ, आणि तरी ते काचेच्या पलीकडून यावं तसं. मला सकाळची ती आठवली, डब्याचं झाकण दोनदा दाबून बघणारी. "येते," म्हणणारी. मी रोज सकाळी त्यावर काहीतरी म्हणायचो. आज काय म्हटलं होतं? म्हाताऱ्याला विचारलंय सांग, असं काहीतरी. ते घेऊन ती त्या खोलीत गेली होती, प्लास्टिकच्या खुर्चीवर, कुणाची तरी वाट बघणाऱ्यांच्यात. आणि नोकरीवरून काढलं म्हणून मी दारातून ओरडलो होतो, एका बुटावर.

पडद्यावर नवीन ओळ आली. "आज संध्याकाळी सांगायचं ठरवलंय. सांगू का त्याला?"

यंत्रानं वाक्य काढलं, ते बाजूला दिसतं आम्हाला, जायच्या आधी. "सांगितल्यावर तुम्हाला कसं वाटेल असं वाटतं?" तेही माझंच. सगळ्या कुलपांना चालणाऱ्या किल्लीसारखं. मी बटण दाबलं. हात घातला. तिच्याकडे ठिपके सुरू झाले असणार. प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर डबा, तोंड किंचित उघडं. आयुष्यात पहिल्यांदा त्या ठिपक्यांच्या मागे कुणीतरी होतं.

मी लिहिलं, "सांग." खोडलं. पलीकडचा तिला तुम्ही म्हणतो. "सांगा," लिहिलं. एवढंसं, उघडंवाघडं. कुणी रस्त्यावर ओरडल्यासारखं. खोडलं. "तो हसणार नाही," लिहिलं, आणि थांबलो. पलीकडच्याला काय माहीत तो हसेल का नाही? मलाच काय माहीत होतं? डोक्यात त्याच वेळी एक विनोद येऊन उभा राहिला. खरंच सांगतो, आला. दवाखान्यात बसतेयस तर नंबर लावून ठेव, महिन्याभरात लागेल. मी त्याला हाकललं, तर मागून दुसरा. बोटं कीबोर्डवर तशीच होती. "त्याला ऐकायचंय," लिहिलं. खोडलं. हे कुठल्याही जाहिरातीत चाललं असतं. खरं असं एक वाक्य हवं होतं, जे मी आधी कुठं विकलेलं नाही. शोधत होतो. हजारो वाक्यं लिहिलेला माणूस, घरातल्या एका माणसासाठी एक वाक्य शोधत होतो, आणि आत हात घालावा तर नुसता तळ लागत होता. बाबांचा शेवटचा आजार आठवला. खाटेवर पडून ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना हसवायला डॉक्टरची नक्कल करत होतो. ते म्हणाले, "तुझं एकही बोलणं मला कधी नीट ऐकू आलं नाही रे. तू हसायचास म्हणून मी हसायचो." मी तेव्हा काय केलं? हसलो. आणि तेही हसले.

ठिपके फार वेळ राहिले तर माणूस जास्त घाबरतो. ते आम्ही तपासून बघितलं होतं, म्हणून मर्यादा घातली होती. त्या मर्यादेपुढं गेलं की आपोआप एक वाक्य जातं. नेट गेलं असं म्हणायचं नाही, असा हट्ट मीच धरला होता, माणसाचं कधी नेट जातं का. त्यासाठी खास लिहिलेलं वाक्य, मॅडमनी वाचून डोळे पुसलेले. मी 'मी' एवढंच लिहिलं होतं तेव्हा ते गेलं. पडद्यावर दिसलं. "मला आत्ता शब्द सापडत नाहीयेत. आपण थोड्या वेळाने बोलू."

"बरं," तिनं लिहिलं.

मग ती ओळ सरकत वर गेली, खाली दुसऱ्याच कुणाचा श्वास लागला होता. चष्मा जवळ येऊन म्हणाला, "काका, कुणाची गंमत करताय?"

संध्याकाळी ती टेबलाशीच होती. फोन पालथा. समोर पाण्याचा जग सोडून काही नव्हतं, ना शेंगा ना पातेलं, दोन्ही हात रिकामे टेबलावर ठेवलेले, लेबल लावायच्या आधी नळ्या ठेवतात तसे शेजारी शेजारी. मी दोन्ही बूट नीट काढले. तिच्यासमोर बसलो. काही बोललो नाही. तिनं बघितलं, पण आज जीभ बाहेर काढ म्हणाली नाही.

"आज तो फार वेळ विचार करत होता," ती म्हणाली. "ठिपके यायचे, जायचे. यायचे, जायचे. इतका वेळ कधी लावत नाही. मला वाटलं, आता काहीतरी खरंच येणार. आणि मग म्हणतो, शब्द सापडत नाहीत."

"यंत्र आहे ते," माझ्या तोंडून गेलं. लगेच.

"हो ना," ती म्हणाली. "यंत्रालासुद्धा सुचलं नाही, म्हणजे बघ."

"काय विचारलं होतंस?"

तिनं जगच्या बुडाशी टेबलावर साठलेलं पाणी बोटानं पुसलं. मी मनात म्हणत होतो, सांग. आता सांग. मी सांगू शकत नव्हतो. मला माहीत आहे म्हटलं असतं तर मी वाचलं हे तिला कळलं असतं. मग तो टेबलावरचा, जगला टेकलेला, खांदे खाली आणणारा एक जण होता तोही गेला असता, आणि उरलो असतो मी. हे माझ्या आजवरच्या कुठल्याही उचापतीपेक्षा पक्कं बसलं होतं. कुठूनही उघडलं तरी आत तीच दोघं अडकलेली. मी तिला दार किलकिलं करून द्यायचं म्हणून विचारलं, "लॅबमध्ये काय आज?" आवाज मऊ ठेवला. हसू येऊ दिलं नाही.

ती थांबली. पहिल्यांदाच तिला असं थांबताना बघितलं मी. जगच्या कडेवरून तिचं बोट फिरलं. ओठ हलले, मिटले, परत हलले. काहीतरी आलं आणि तिनं ते खोडलं, हे मला दिसलं, दुनियेत ते माझ्याइतकं कुणाला दिसणार.

"नेहमीचंच," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, माझ्याच चालीत, "परत लेबलं उलटंपालटं होता होता राहिली. परत म्हाताऱ्याला दिवस गेले असते."

आणि ती हसली. माझ्या चेहऱ्याकडे बघत, मी हसतोय की नाही ते बघत. मी हसलो. मोठ्यानं हसलो, टेबलावर हात आपटून. ती हसत होती म्हणून.

सकाळी तिनं डब्याचं झाकण दाबलं. परत दाबलं. मी शर्टाची बटणं लावत उभा होतो. "येते," ती म्हणाली, आणि मी काहीच म्हटलं नाही. कुठलाच विनोद आला नाही, वाट बघूनसुद्धा. उंबऱ्यावर ती वळली. पिशवी खांद्याला, हात कडीवर. रोजचं काहीतरी ऐकायला मिळालं नाही म्हणून वळली असेल. मग तिचे खांदे जरासे खाली आले. तोंड किंचित उघडं. पायरीवरची ती नजर, बंद दुकानासमोरची, माझ्याकडे. मी विचार करत होतो. देवाशपथ करत होतो. एक वाक्य येत होतं, जात होतं, परत येत होतं. ती उभी राहिली, माणसानं जेवढं थांबावं असं आम्ही ठरवलं होतं तेवढी. थोडं जास्तच. मग म्हणाली, "बरं," आणि दार ओढून घेतलं.